विषय: समोरच्या विटा पांढऱ्या कराव्यात का? (शुक्रवारच्या आत मत हवं, एचओएचा म्हणजे वस्तीच्या घरमालक संघटनेचा फॉर्म द्यायचाय)

प्रेषक: अनघा (कँटन)

मंडळी,

घाईत लिहितेय. बाहेरच्या रंगाचा फॉर्म शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एचओएकडे गेला नाही तर त्यांची पुढची मीटिंग ऑक्टोबरच्या शेवटी. तोवर मिशिगनची थंडी पडणार आणि पेंटर हात वर करणार.

पेंटरचं म्हणणं, समोरच्या सगळ्या विटा पांढऱ्या करू, ट्रिम (खिडक्या-छपराच्या कडेच्या पट्ट्या) काळी करू, एका दमात काम उरकेल. नवऱ्याला लगेच पटलंय. मला धाकधूक आहे.

घर बहुतेकांनी पाडव्याला पाहिलंय. गुलाबीकडे झुकणाऱ्या तांबड्या विटा, त्याही फक्त दर्शनी बाजूला. बाकी तिन्ही बाजूंना बदामी व्हिनाइल साइडिंग, म्हणजे भिंतीवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या. खिडक्या व्हिनाइलच्या, त्याही बदामीच. खिडक्यांच्या बाजूचे शोभेचे शटर एके काळी मरून होते, आता शिळ्या बिटाच्या कोशिंबिरीसारखे दिसतात. ट्रिमवर ॲल्युमिनियमचा पत्रा आहे, त्यावर बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला लागते.

कोणी विटा रंगवल्यात का? आणि आपल्या मंडळाच्या सजावट समितीची मोठी शिडी शनिवारी मिळेल का?

अनघा

प्रेषक: शलाका (नोव्हाय)

अनघा, डोळे मिटून पांढरा कर. हे मी या लिस्टवर पूर्वीही सांगितलंय. गिऱ्हाईक घर आधी फोनवर बघतं, मग गाडीतून. गुलाबी विटा, बदामी खिडक्या म्हटलं की ते तिथेच पुढे सरकतं. माझ्याकडे विक्रीला आलेलं गेल्या वसंतातलं नॉर्थव्हिलचं घर आठवतंय ना? विटा पांढऱ्या, दार काळं, दोन कुंड्या. पहिल्याच शनिवार-रविवारी ऑफर आल्या.

शेरविन-विल्यम्स कंपनीचा ॲलाबास्टर नावाचा पांढरा घे, फार चुन्यासारखा भगभगीत होत नाही. पेंटरचा भाव मला खाजगीत कळव, जास्त लावला असेल तर बोलते.

शलाका

प्रेषक: वसंत (ट्रॉय)

अनघा,

फॉर्मवर सही करू नकोस.

शलाका घर विकायचं बोलतेय, तुला त्यात राहायचंय. ती वीट म्हणजे भिंत नव्हे. लाकडी सांगाड्यापुढे उभा केलेला एका विटेचा पडदा आहे. मागे इंचभर पोकळी असते. पावसाचं पाणी वीट पिते, थोडं आत उतरतं आणि तळच्या थरात मोकळ्या सोडलेल्या दरजांतून, म्हणजे विटांमधल्या सांध्यांतून, बाहेर पडतं. उरलेलं उन्हावाऱ्यात सुकतं. वाकून बघ, ती भोकं दिसतील. पेंटर लोक त्यांना कचरा समजून कॉल्कने (भेगा भरायच्या लुकणाने) बुजवतात, वर "फिनिशिंग केलं" म्हणून सांगतात.

आता साधा ॲक्रिलिक रंग चढवला की ओल बाहेर यायची वाट अडते. पाण्याचा बर्फ होताना आकारमान ९ टक्क्यांच्या आसपास वाढतं. आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चमध्ये दुपारी वितळतं, रात्री गोठतं, रोजचाच खेळ. रंगाचे पोपडे निघाले तर नशीब म्हणायचं, कारण पुष्कळदा विटेचा दर्शनी भागच रंगासकट सुटून येतो. आमच्या मागच्या गल्लीत आधीच्या मालकाने रंगवलेलं एक घर आहे, त्याच्या चिमणीखाली हिरवळीवर विटेचे कपचे पडलेले दिसतात. विटेतल्या क्षारांचा लोणा फुगून रंग उचलतो तो निराळाच. आणि नंतर "नको, पूर्वीच्या विटाच बऱ्या" वाटलं तर? विटेच्या छिद्रांत बसलेला रंग पुरता निघत नाही.

पांढराच हवा असेल तर चुना दे. इथे लाइमवॉश म्हणून डब्यात मिळतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडीसारखा घट्ट होतो आणि वाफ आरपार जाऊ देतो. अट एवढीच की वीट कोरी हवी, वर सीलर नको.

साताऱ्याला आमच्या वाड्यात दिवाळीआधी चुनकळी पिंपात विरवायचे. पाणी असं खदखदायचं की आम्हा पोरांना पडवीत फिरकू देत नसत. वर चिमूटभर नीळ. कुंच्याचे दोन हात, पहिला उभा, दुसरा आडवा. मग महिनाभर भिंतीला टेकलं की पाठ पांढरी.

वसंतकाका

प्रेषक: हेमंत (रॉचेस्टर हिल्स)

काका, पाठ पांढरी होते हे तुम्हीच लिहिलंत, आणि तोच चुना अनघाला द्यायला सांगताय!

थोडं तांत्रिक. माझी उभी नोकरी गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये गेली. रंग सुटतो तो बहुतेक वेळा रंगाच्या दोषाने नव्हे, खालच्या पृष्ठभागाच्या तयारीने. पण विटेच्या बाबतीत काकांचा ओलीचा मुद्दा बरोबर आहे. त्यावर चुन्याखेरीज दुसरा उपाय म्हणजे खनिज सिलिकेट रंग. बव्हेरियात काइम यांनी १८७८ साली काढलेला. तो विटेवर पापुद्रा धरत नाही, विटेतल्या खनिजांशी रासायनिक जोड धरतो. वाफ जाते, उन्हाने विटत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. महाग आहे, आणि इथल्या दर दहा पेंटरांतल्या नऊ जणांनी तो हातात धरलेला नसेल. एकदा दिला की कायमचा, हेही लक्षात घे.

हेमंत

प्रेषक: वसंत (ट्रॉय)

हेमंत, तुमच्या गाडीला रंगावर ओव्हन मिळतो. अनघाच्या घराला रंगानंतर मिळणार कँटनची सप्टेंबरची रात्र. साध्या ॲक्रिलिकला ५० फॅरनहाइटच्या वर तापमान लागतं, नुसतं लावतानाच नव्हे, सुकेपर्यंत. पेंटरला "एका दमात" का उरकायचंय ते कळलं?

वसंतकाका

प्रेषक: पराग (लिस्ट-व्यवस्थापक)

नमस्कार. ही यादी मंडळाच्या कार्यक्रमांसाठी आहे, याची नम्र आठवण. गणपती पुढच्या शनिवारी आहेत आणि प्रसादाच्या स्वयंसेवकांच्या मेलला आतापर्यंत तीन उत्तरं आहेत. विटांच्या मेलला किती, ते मोजत नाही.

शिडी मंडळाच्या मालकीची आहे, सजावट समितीच्या नव्हे. समितीने फक्त तिच्यावर नाव लिहिलंय.

पराग

प्रेषक: नीलिमा (सजावट समिती)

पराग, नाव लिहिलं कारण त्याआधी ती दोनदा हरवली होती. कोजागिरीनंतर हेमंतने नेली, ती आम्हाला परत मिळालेली नाही.

प्रेषक: हेमंत (रॉचेस्टर हिल्स)

माझ्याकडे नाही. कोजागिरीच्या प्रोजेक्टरबरोबर स्टोरेज युनिटमध्ये ठेवली होती, मखराच्या थर्मोकोलमागे. बघा तरी.

प्रेषक: मेधा (फार्मिंग्टन हिल्स)

सगळे विटांवर तुटून पडलात. अनघाची खरी अडचण खिडक्या आहे.

बदामी खिडकीला शुभ्र ट्रिम चिकटली की खिडकी मळकी दिसते, धुतली नाही असं वाटतं. सभोवार विटाही पांढऱ्या केल्या तर तो पिवळेपणा आणखीच ओरडतो. आमच्या गल्लीत एकांनी अगदी हेच केलं. ॲलाबास्टरच होता, शलाका. रंग उत्तम बसला, पण खिडक्या तेवढ्या जुन्या दिसायला लागल्या. रंगाच्या खर्चावर मग खिडक्यांचा खर्च आला, आणि तो कितीतरी मोठा.

म्हणून उलटीकडून सुरुवात कर. जे बदलणार नाही ते आधी लिहून काढ: खिडक्या, साइडिंग, छपराची शिंगलं, विटांमधल्या दरजा. अनघा, तुमच्या दरजा करड्या नाहीत, पिवळसर वाळूच्या रंगाच्या आहेत, पाडव्याला पायरीवर बसले होते तेव्हा पाहिल्यात. तोच धागा धर. ट्रिम त्या घराण्यातली हवी. शेरविनचा शोजी व्हाइट बघ, क्रीमी बघ, थोडा दबका हवा असेल तर ॲक्सेसिबल बेज. बदामी खिडकी त्यांच्यात मुरून जाते.

उठाव ट्रिमने आणायचा नाहीच मुळी. तो दार आणि शटरने आणायचा. शेरविनचाच गडद अर्बेन ब्रॉन्झ तांबड्या-गुलाबी विटेशेजारी छान बसतो, कारण त्यात तपकिरी झाक आहे. निव्वळ काळा किंवा निळसर करडा घेतलास तर विटेतला गुलाबी दुप्पट दिसेल.

गटर ट्रिमच्या रंगाचं ठेव, पण विटांवरून खाली येणारा पाइप विटेच्या रंगाचा कर. अंगावर पांढरी रेघ मारल्यासारखा दिसतो तो, आणि आपण सगळे वर्षानुवर्षं तसाच ठेवतो.

नमुना विटेवर थेट लावू नकोस. दोन फुटी फोमबोर्डवर दोन हात दे, वीट आणि खिडकी दोन्हींना टेकव, आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन बघ. सकाळी एकदा, ऊन उतरल्यावर एकदा. दुकानातल्या रंगाच्या बोटभर चिठ्ठीवर कोणाचं भलं झालेलं नाही.

मेधा

प्रेषक: शलाका (नोव्हाय)

मेधा, खिडक्या बदलायची गरज काय? रंगवून टाकायच्या, काळ्या. हल्ली सगळे करतात.

प्रेषक: हेमंत (रॉचेस्टर हिल्स)

सगळे करतात आणि मग जुलैमध्ये खिडकी उघडत नाही म्हणून फोन करतात. व्हिनाइल फिकट रंगाच्या हिशोबाने बनवलेलं असतं. मूळ रंगापेक्षा गडद केलं की ऊन शोषतं, फुगतं, वाकतं. रंगाच्या चिठ्ठीमागे एलआरव्ही असा आकडा असतो. ० म्हणजे सगळा उजेड गिळणारा, १०० म्हणजे सगळा परतवणारा. शोजी व्हाइट ७४, अर्बेन ब्रॉन्झ ८. बदामीवरून थेट ८ वर उडी मारायची नाही. शेरविनची व्हिनाइलसेफ म्हणून खास मिश्रणं आहेत, ती साइडिंगसाठी ठीक. खिडकीच्या सरकत्या चौकटीवर मी तीही लावणार नाही. शिवाय खिडकी कंपनी वॉरंटीतून अंग काढून घेते.

ॲल्युमिनियमच्या ट्रिमला ही भीती नाही. ती भुकटी म्हणजे जुन्या रंगाचीच धूळ. साबणाच्या पाण्याने घासून, बोटाला काही लागत नाही इतपत धुऊन, सुकू देऊन मग प्राइमर. पेंटर धुणं टाळतो का, तेवढं बघ.

हेमंत

प्रेषक: कौस्तुभ (डेट्रॉइट, इंडियन व्हिलेज)

आमच्याकडे हा वाद होतच नाही. जुन्या वस्त्यांचं रूप जपणारं हिस्टॉरिक डिस्ट्रिक्ट कमिशन मध्ये आहे. कोरी वीट रंगवायला परवानगी मिळत नाही, आणि ट्रिमचे रंगही घराच्या शैलीप्रमाणे त्यांच्या तक्त्यातून निवडायचे. सुरुवातीला चिडचिड झाली, आता उलट सुटल्यासारखं वाटतं.

अनघाताईंना लागू नाही, पण रॉयल ओक-फर्नडेलकडे जुनी घरं घेतलेले बरेच आहेत म्हणून लिहितो. १९७८ च्या आधीचं घर असेल तर ट्रिमच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कंत्राटदाराकडून खरवडून घ्यायचा तर ईपीएचं (केंद्रीय पर्यावरण खात्याचं) प्रमाणपत्र असलेलाच लागतो, २०१० पासून नियम आहे. दुसरं, दरजा भरून घेताना सिमेंट कुठलं ते विचारा. जुनी वीट मऊ, तिला चुन्याचा मऊ मसाला हवा. आमच्या पोर्चला आधीच्या मालकाच्या माणसाने कडक सिमेंट भरलं. दरजा शाबूत राहिल्या आणि विटांच्या कडा उडाल्या.

कौस्तुभ

प्रेषक: वसंत (ट्रॉय)

कौस्तुभ, शंभर टक्के. मसाला नेहमी विटेपेक्षा मऊ. एकदा येऊन पोर्च बघतो. तुझ्या बाबांना नमस्कार सांग.

प्रेषक: अनघा (कँटन)

सगळ्यांना थँक्यू. काल फोमबोर्ड घेऊन रस्त्याच्या पलीकडे उभी होते, शेजारचा कुत्रा फिरवणारा गृहस्थ दोनदा थांबून विचारून गेला.

विटा तशाच ठेवतेय. शलाका, रागावू नकोस, विकायला काढलं तर तुलाच देणार आहोत.

शोजी व्हाइट खिडकीला टेकवल्यावर खिडकी कुठे संपते आणि ट्रिम कुठे सुरू होते ते पलीकडून कळत नव्हतं. क्रीमी जरा पिवळा वाटला. फॉर्मवर ट्रिम आणि गटर शोजी व्हाइट, विटांवरचा पाइप विटेच्या रंगाचा, शटर अर्बेन ब्रॉन्झ असं लिहिलंय. एचओएला रंगाच्या चिठ्ठ्या आणि दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या घरांचे फोटो हवेत, तेही जोडले.

एक नवीन भानगड. शटर काढूनच टाकावेत असं मनात होतं, म्हणून नवऱ्याने खालचा एक उचकटून पाहिला. मागे गांधीलमाशीचं रिकामं पोळं, चार भोकं, आणि विटांचा चांगला उजळ उभा पट्टा. आजूबाजूच्या विटा त्यापुढे काजळल्यासारख्या. म्हणजे शटर राहणार, आणि नवे घेतले तरी याच मापाचे. की विटा धुऊन सगळं एकसारखं होईल? पेंटर प्रेशर वॉशर आणतो म्हणतोय.

दाराचं अजून ठरत नाही. शटरचाच रंग की गडद हिरवा? नवरा दोन्हीला "चालेल" म्हणतो, यावरून तो अजून पांढऱ्यातच आहे.

अनघा

प्रेषक: वसंत (ट्रॉय)

प्रेशर वॉशर विटांजवळ आणू देऊ नकोस, दरजा उकरल्या जातात. बागेची नळी, नायलॉनचा ब्रश, साधा साबण. वीट आधी ओली करून घे म्हणजे मळकं पाणी आत ओढत नाही. पट्टा थोडा उजळ राहीलच, शटरखाली जाऊ दे.

दार हिरवं कर किंवा ब्रॉन्झ, पण तुमचं दार पश्चिमेला आहे आणि बाहेर थंडी-वाऱ्यासाठी काचेचं दुसरं दार, स्टॉर्म डोअर, आहे. गडद दार आणि पुढे काच, मध्ये उन्हाळ्यात भट्टी पेटते. दाराच्या काचेभोवतीची प्लॅस्टिकची पट्टी वाकते. मेनंतर काच काढून जाळी लावायची.

वसंतकाका

प्रेषक: मेधा (फार्मिंग्टन हिल्स)

हिरवा. पण पिवळसर नको, काळ्याकडे झुकणारा.

प्रेषक: शलाका (नोव्हाय)

ब्रॉन्झ. हिरव्याला फोटोत काय वाटेल ते होतं.

प्रेषक: पराग (लिस्ट-व्यवस्थापक)

शिडी सापडली, थर्मोकोलमागेच होती. अनघा, शनिवारी सकाळी नऊच्या आत न्या, दहाला ढोल-ताशाची प्रॅक्टिस आहे आणि मग युनिटच्या दारात पाय ठेवायला जागा नसते. किल्ली नीलिमाकडे. गुरुवारपर्यंत परत हवी, मखर चढवायचंय. आणि प्रसादाच्या स्वयंसेवकांच्या मेलला अजूनही तीनच उत्तरं आहेत.