फवारणीच्या औषधाची विषबाधा : ॲट्रोपिन देऊनही स्नायू दुबळे का राहतात?

प्रश्न (एमबीबीएस, द्वितीय वर्ष) :
ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिनने लाळ, घाम आणि छातीतली घरघर आटोक्यात येते. परंतु मांड्यांवरचे स्नायू फडफडतच राहतात आणि रुग्णाला उशीवरून मान उचलता येत नाही. असे का होते? शिवाय घामाच्या ग्रंथी अनुकंपी (सिम्पथेटिक) चेतासंस्थेच्या ताब्यात असताना ॲट्रोपिनने घाम कसा आटतो?

उत्तर १ :
असिटिलकोलिन म्हणजे चेतातंतूंच्या टोकाशी सुटणारे निरोप्या रसायन. हे विष ते मोडणारे असिटिलकोलिनेस्टरेज हे विकर (एन्झाइम) निकामी करते, त्यामुळे असिटिलकोलिन जिथे जिथे स्रवते तिथे तिथे साचत जाते. त्याचा निरोप घेणारे पेशींवरचे ग्राही (रिसेप्टर) दोन प्रकारचे असतात, मस्करिनिक आणि निकोटिनिक. ॲट्रोपिन त्यापैकी फक्त मस्करिनिक ग्राही अडवते; ऐच्छिक स्नायूंवरचे ग्राही निकोटिनिक असल्याने तिथे त्याचे काही चालत नाही. घामाच्या ग्रंथींकडे जाणारे तंतू अनुकंपी खरे, पण त्यांच्या टोकाशी असिटिलकोलिनच सुटते आणि समोरचे ग्राही मस्करिनिक असतात. तोंडी परीक्षेत हे हमखास विचारतात.

उत्तर २ :
वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो. प्रौढाला ॲट्रोपिन शिरेतून 1 ते 3 मिलिग्रॅम देऊन, सुधारणा नसल्यास दर 5 मिनिटांनी मात्रा दुप्पट करतात. कधी थांबायचे हे डोळ्याच्या बाहुलीवरून नव्हे, स्टेथोस्कोपवरून ठरते : फुफ्फुसे कोरडी, नाडी 80 च्या वर आणि वरचा रक्तदाबही 80 च्या वर. नाडी 120 आहे एवढ्यावरून हात आखडू नये, कारण प्राणवायू कमी पडल्यानेही ती धावते. उलट ताप, असंबद्ध बडबड, तुंबलेली लघवी आणि आतड्यांची शांतता एकत्र दिसली, तर मात्रा जास्त झाली असे समजावे. धोतऱ्याचे बी खाल्लेल्याची हीच अवस्था होते, कारण त्यातही ॲट्रोपिनच असते.

प्रश्नकर्ता :
मग स्नायूंसाठी पॅम द्यावे का?

उत्तर ३ :
तत्त्वतः होय. पॅम, म्हणजे प्रॅलिडॉक्सिम, विकरावरून विष सोडवते. मात्र काही काळाने विष आणि विकर यांची जोडणी पक्की होते आणि मग औषध निरुपयोगी ठरते. या कीटकनाशकांच्या डायमिथाइल गटात हे काही तासांतच घडते, डायइथाइल गटात बराच अधिक अवधी मिळतो. प्रत्यक्षातला पुरावा परस्परविरोधी आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या बारामतीच्या चाचणीत पॅम 2 ग्रॅमनंतर 48 तास ताशी 1 ग्रॅम सलग दिल्याने, दर 4 तासांनी 1 ग्रॅम देण्यापेक्षा मृत्यू कमी झाले; 2009 साली प्रसिद्ध झालेल्या श्रीलंकेतील चाचणीत मात्र लाभ दिसला नाही. त्यामुळे पॅम उपलब्ध होईपर्यंत ॲट्रोपिन किंवा कृत्रिम श्वसन लांबणीवर टाकणे मला अजिबात मान्य नाही.