पगार ३० टक्के जास्त, शहर २५ टक्के महाग. जावं का?

बोजाबिस्तरा: दुसऱ्या शहरात नोकरी मिळतेय, पगार ३० टक्के जास्त. नंबिओ या शहरांचे राहणीखर्च दाखवणाऱ्या वेबसाइटवर दोन्ही शहरं ताडून पाहिली, नवं २५ टक्के महाग निघालं. म्हणजे ५ टक्के खिशात, असं मी धरून चाललोय. बायकोला पटत नाहीये. आम्ही दोघं, एक लहान मूल, भाड्याचं घर. चुकतंय कुठे?

तिसरं_बिऱ्हाड: बायकोचं ऐका 🙂

आधी बघा, तुम्ही कुठला आकडा उचललाय. नंबिओच्या राहणीमान-खर्चाच्या निर्देशांकात (न्यूयॉर्क = १०० धरून काढतात तो) घरभाडं नसतं. भाड्यासकटचा आकडा वेगळा असतो.

आता पगार १०० धरा. समजा भाडं ३०, बाकी खर्च ४०, शिल्लक ३०. सगळंच २५ टक्क्यांनी वाढलं तर खर्च ८७.५ होतो आणि १३० मधून ४२.५ उरतात. म्हणजे शिल्लक १२.५ ने वाढली, तुमच्या ५ पेक्षा पुष्कळ बरं, कारण पगारवाढ पूर्ण पगारावर मिळते, महागाई फक्त खर्चावर बसते. पण २५ टक्के भाडं सोडून असेल आणि भाडं दुप्पट असेल तर? ६० अधिक ५० म्हणजे ११०. उरले २०. पगार वाढून शिल्लक घटली!

मी पहिल्यांदा गेले तेव्हा शहाणपणा करून लांबचं घर घेतलं. भाड्यात वाचलं ते सगळं प्रवासात आणि पाळणाघराच्या जादा तासांत गेलं. वर रोजचे दोन तास, ते कुठल्याच तक्त्यात नव्हते. पुढच्या बदलीत ऑफिसजवळ महागडं घर घेतलं, दुसरी गाडी विकून टाकली आणि खर्च उतरला. जुन्या सवयींची यादी नव्या शहराच्या भावाने मोजली की उत्तर हमखास फुगतं. माणूस तिथे गेल्यावर तसा राहतच नाही.

काटकसर: ३० टक्के कागदावरचे की हातात येणारे? वरच्या टप्प्यावर कराचा दर वाढत असेल तर हातात ३० येणार नाहीत. आणि अनामत, सामानाची गाडी, दलाली हे एकदाचेच खर्च, पण पहिलं वर्ष खातात.

तिसरं_बिऱ्हाड: बरोबर. आणखी एक, परतीचा विचार असेल तर २५ टक्के उलटे लावू नका. १२५ वरून १०० वर यायचं म्हणजे २० टक्केच स्वस्त.

बोजाबिस्तरा: तपासलं. आकडा भाडं वगळूनच होता. ऑफिसपासून अर्ध्या तासाच्या आत भाडी पावणेदोन पट आहेत. आता कंपनीकडे पगार वाढवून मागतोय, निदान अनामत तरी त्यांनी भरावी. मूल कुठल्या पाळणाघरात जाईल ते बायको शोधतेय, त्याचे भाव कळले की पुन्हा मांडतो.