इंग्रजीतली कोणती चूक डोक्यात जाते? सातारा-सांगलीकरांनो, अनुभव लिहा

महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून आली ती २००० साली. त्याआधीचे आम्ही पाचवीत गेल्यावर एबीसीडी गिरवायला बसलो. आता दोन्ही पिढ्या एकाच ऑफिसात आणि एकाच फॅमिली ग्रुपवर आहेत आणि एकमेकांच्या इंग्रजीवर मनातल्या मनात दातओठ खातात. ते मनातलं इथे लिहा. उच्चारांवर नको; कोणी 'इस्टेशन' म्हणतं म्हणून हसायला हा धागा काढलेला नाही. व्याकरणावर लिहा, आणि नुसतं "हे चूक" म्हणून सोडू नका. ती चूक कुठे भेटली, तिने काय घोळ घातला तेही येऊ द्या. दुकानांची, साहेबांची नावं नकोत.

सुरुवात माझ्यापासून. 'वन ऑफ माय फ्रेंड'. अहो, 'वन ऑफ' म्हटलं की मागे टोळकं पाहिजे, 'फ्रेंड्स' पाहिजे. एकटाच असेल तर सरळ 'माय फ्रेंड' म्हणा की. आमच्या एका सहकाऱ्यांची प्रत्येक गोष्ट या 'वन ऑफ माय फ्रेंड'ने सुरू होते, आणि तो फ्रेंड बहुतेक वेळा ते स्वतःच असतात.

कुपवाड एमआयडीसी, भरतीचं काम बघते

'मायसेल्फ अमुक तमुक'. दर मुलाखतीत. पण त्याची आता सवय झाली. 'हॅविंग'ची काही होत नाही. 'आय ॲम हॅविंग वन ब्रदर', 'आय ॲम हॅविंग बाइक'. मालकी सांगायची तर साधं 'आय हॅव' पुरतं. 'हॅविंग' आलं की खाणंपिणं सुरू झालं असं वाटतं. जत भागातला एक मुलगा आला होता, डिप्लोमा झालेला, हुशार. घरचं काय विचारल्यावर म्हणाला, "आय ॲम हॅविंग फोर बफेलोज." समोर केरळचे एक वयस्कर साहेब बसलेले. चेहरा न हलवता त्यांनी विचारलं, "फॉर लंच?" पोरगं गडबडलं नाही. "नो सर, फॉर मिल्क." घेतला त्याला.

तसंच ते 'आय पास्ड आउट इन २०१९'. तिकडच्या इंग्रजीत याचा पहिला अर्थ चक्कर येऊन पडणे.

मिरज, दवाखाना

'फीवर सिन्स थ्री डेज'. केसपेपरवर, चिठ्ठीवर, सगळीकडे हेच. सोमवारपासून असेल तर 'सिन्स मंडे', तीन दिवस असेल तर 'फॉर थ्री डेज'. आपल्या मराठीत दोन्हीकडे एकच 'पासून' चालतं, म्हणून सगळे 'सिन्स'च लावतात. पेशंटचं काही अडत नाही, ताप तेवढाच राहतो. तरी ज्युनिअरच्या हातचा कागद आला की माझं पेन आपोआप तिकडे वळतं.

सांगली मार्केट यार्ड, हळदीचा व्यापार

मला व्याकरणातलं फार कळत नाही, पण 'रिव्हर्ट' या शब्दानं आमचं नुकसान व्हायची वेळ आणली होती, म्हणून लिहितो. सांगलीच्या हळदीला २०१८ साली जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरच्या चौकश्या बऱ्यापैकी येतात. मेल बघायला ऑफिसात एक पोरगा ठेवलाय. एका परदेशी गिऱ्हाइकाला नवीन रेट कळवला आणि खाली त्यानं नेहमीप्रमाणे लिहिलं, 'काइंडली रिव्हर्ट ऑन द रेट'. त्याच्या डोक्यात 'रेटबद्दल कळवा'. आपल्याकडं सगळे असंच लिहितात, बँका लिहितात, मोठ्या कंपन्या लिहितात. पण मूळ इंग्रजीत रिव्हर्ट म्हणजे आधी होतं तिथं परत जाणं. गिऱ्हाइकानं वाचलं, 'मागच्या रेटवर या'. मागचा रेट कमी! त्याचं लगेच उत्तर: आनंदानं कबूल, मागचाच रेट धरू, माल पाठवा.

इकडं सौद्यात भाव चढलेला. पोरगा म्हणतो, "अण्णा, ह्यो असं का लिहितोय?" शेवटी फोन लावला, समजूत घालून घालून घसा बसला. गिऱ्हाईक चांगलं म्हणून निभावलं. आता आमच्याकडं 'रिप्लाय' लिहायचं, दुसरं काही नाही. आणि 'डू द नीडफुल' पण बंद केलंय. काय करायचं ते त्याला नावानिशी सांगा ना.

सातारा, पोवई नाक्याजवळ, पेंटर

पोरीनं हे वाचून दाखवलं म्हणून सांगतोय, टाईप तीच करतीय. फ्लेक्स आल्यापासून ब्रशचं काम कमी झालं, पण ट्रॉलीचा मागचा फळा, गेटवरची पाटी, देवळाची कमान अजून हातानंच होती. दोरीला खडू लावून रेघ मारायची, अक्षरं आखायची, मग रंग. पैसे अक्षरावर. त्यामुळं गिऱ्हाईक अक्षरं मोजतंय, व्याकरण कोण मोजतंय?

माझं डोकं उठतं ते वरच्या टिकलीनं. अपॉस्ट्रॉफी का काय म्हणता ते. 'मोबाईल्स' लिहायचं तर एसच्या आधी टिकली पाहिजेच. 'शूज'ला पण टिकली. मी म्हणतो, अहो, जास्त वस्तू असल्या की टिकली लागत नाही, मालकी असली की लागती. तर एक दुकानदार म्हणाला, "मोबाईल माझ्याच मालकीचं हायत की." आता काय बोलणार! टिकलीचे पैसे घेत नाही म्हणून लोक अजूनच जोर करतात.

दुसरं 'स्टेशनरी'. वह्या-पेनाच्या दुकानाला 'ई' लागतो. 'ए' घातला तर अर्थ होतो जागचं न हलणारं. एकाला हे समजावलं, तर म्हणाला, "शेजारच्यानं 'ए' घातलाय, त्याचं दुकान माझ्यापेक्षा जास्त चालतंय." घातला 'ए'. बोर्ड त्याचा, रंग माझा.

वाई

पेंटरकाका, ती टिकली इंग्लंडमध्येही भाजीवाल्यांच्या नावाने ओळखली जाते, कारण त्यांच्या पाट्यांवर 'बनाना'ज' असतं. तिकडच्या एका निवृत्त पत्रकाराने २००१ साली अपॉस्ट्रॉफी वाचवायला चक्क संस्था काढली होती. २०१९ मध्ये त्याने ती बंद केली. अडाणीपणा आणि आळस जिंकला, असं सांगून.

मिलिटरी अपशिंगेकडचा, सिग्नलमधून निवृत्त

कुपवाडच्या ताई, 'पासआउट'चा राग सोडा. आमची पासिंग आउट परेडच असते, आणि ती गोऱ्यांनीच सुरू केलेली.

मला चीड येते ती पिक्चरमधल्या 'ओव्हर अँड आउट'ची. 'ओव्हर' म्हणजे माझं झालं, आता तू बोल. 'आउट' म्हणजे बोलणं संपलं, उत्तर देऊ नकोस. दोन्ही एकदम कसं? तसंच ऐकू नाही आलं की वायरलेसवर 'रिपीट' म्हणायचं नाही, 'से अगेन' म्हणायचं. तोफखान्यात 'रिपीट'चा अर्थ तोच मारा पुन्हा करा. गावाकडं फोनला रेंज नसली की नातू ओरडतो, "आजोबा, रिपीट, रिपीट!" माझ्या अंगावर काटा येतो.

सांगली, एका शाळेच्या पालक ग्रुपवरून

'टुमॉरो मॉर्निंग ॲट एट ए.एम. शार्प इन द मॉर्निंग.' बास, एवढंच.

कऱ्हाड, निवृत्त इंग्रजी शिक्षिका

सगळ्यात जास्त लाल शाई मी 'डिडंट वेंट'वर घालवली. आधी मला वाटायचं मुलं लक्ष देत नाहीत. मग एकदा फळ्यावर मराठी वाक्य लिहिलं: 'तो गेला नाही'. बघा, आपण 'गेला' तसाच ठेवतो आणि पुढे 'नाही' जोडतो. भूतकाळ क्रियापदातच राहतो. इंग्रजीत नकार आला की भूतकाळ 'डिड' उचलतो आणि क्रियापद मोकळं होतं, 'गो' होतं. मुलं मराठीचा नियम अगदी काटेकोर पाळत होती, फक्त भाषा दुसरी होती. त्यानंतर मी वर्गात सांगायचे, पाण्याची कळशी दोघांनी धरायची नाही. डिडने उचलली ना, मग वेंटने हात काढायचा. एवढ्यावर निम्मा वर्ग सुधारला. उरलेला निम्मा 'डिड ही केम?' विचारत दहावी झाला.

बाकीच्या चुकाही अशाच घरच्या. 'माझ्यावर चिडला' म्हणून 'अँग्री ऑन मी'. 'तिच्याशी लग्न' म्हणून 'मॅरीड विथ हर'. 'विषयी चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट'. 'तो कुठे आहे मला माहीत नाही' यात आपण प्रश्नाचा क्रम बदलत नाही, म्हणून 'आय डोन्ट नो व्हेअर इज ही'. मुलांवर मी कधी चिडले नाही. चिडायचे ती गाईडं छापणाऱ्यांवर. विकत घेतलेल्या, छापलेल्या पुस्तकात 'फर्निचर्स' आणि 'इन्फॉर्मेशन्स'! मुलगा पुस्तक उघडून दाखवतो, "बाई, इथं आहे की." छापलेल्याशी भांडायचं कसं?

मूळची विट्याची, सध्या पुण्यात

बाई, तुमच्यासारखं कुणी समजावलं असतं तर! मला चूक करणाऱ्यांपेक्षा चुका काढणाऱ्यांचा वैताग येतो, त्यातही बरोबर असलेलं चूक ठरवणाऱ्यांचा. टीममधले एक सर वाक्याच्या शेवटी 'विथ' किंवा 'फॉर' दिसलं की खोडतात. हे खूळ पसरवलं जॉन ड्रायडन या कवीने, १६७२ साली, आणि तेही बहुधा लॅटिनकडे बघून, कारण लॅटिनमध्ये तसं जमत नाही. इंग्रज स्वतः रोज 'हू आर यू टॉकिंग टू' म्हणतात. 'एव्हरीवन शुड ब्रिंग देअर लॅपटॉप' यातलं 'देअर'ही सर बदलून 'हिज' करतात. एकट्या माणसासाठी 'दे' चौदाव्या शतकापासून चालत आलंय. आणि आमच्या टीममध्ये बायका जास्त आहेत, मग 'हिज' कोणाचं?

'प्रीपोन'ला पण हसायचे. तो शब्द ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आहे म्हटल्यावर म्हणाले, "डिक्शनरीचा दर्जा घसरलाय."

सातारा, पेंटर

कऱ्हाडच्या बाई, एक विचारायचं होतं. उद्या एका गेटचं काम आहे. गिऱ्हाइकानं लिहून दिलंय, 'नो पार्किंग फ्रंट ऑफ गेट'. बरोबर आहे का?

कऱ्हाड, निवृत्त इंग्रजी शिक्षिका

'इन फ्रंट ऑफ द गेट' करा.

सातारा, पेंटर

पाच अक्षरं वाढली की वो बाई. विचारून बघतो त्याला. नाही म्हणाला तर नुसतं 'नो पार्किंग' लिहितो. खाली मराठीत 'टायरची हवा सोडली जाईल' हाय, लोक तेच वाचत्यात.