मदत हवी आहे: 'बूनडॉगल'ला मराठी शब्द (तातडीचं)

भाषांतरी_मी: 'बूनडॉगल' या इंग्रजी शब्दाला मराठीत काय म्हणता? शब्दकोशात 'निरर्थक काम' एवढंच आहे, ते बसत नाही. शब्द आला कुठून तेही सांगा, तळटीप द्यायची आहे. आज रात्री मजकूर पाठवायचाय. प्लीज लवकर.

कट्टेकरी: पांढरा हत्ती. विषय संपला.

शुद्धमती: कसला संपतोय! पांढरा हत्ती म्हणजे पोसायला जड जाणारी वस्तू. इथे कामच बिनकामाचं असतं, सरकारी पैशाने काढलेलं. पूर्ण वाक्य द्या बघू. कोण कुणाला म्हणतंय?

भाषांतरी_मी: वाक्य साधंच आहे हो. अमेरिकेतल्या सरकारी खर्चाबद्दल.

जुनंबाड: मूळ 'बूनडॉक्स', म्हणजे इंग्रजीत आडरान. फिलिपिन्सच्या तागालोग भाषेत 'बुंदोक' म्हणजे डोंगर. आडरानात पैसा ओतणे, झालं.

शुद्धमती: काका, बूनडॉक्स तागालोगमधून आला हे खरं, पण हे दोन शब्द फक्त ऐकायला सारखे. बूनडॉगल म्हणजे स्काउटची मुलं चामड्याच्या पट्ट्यांचा विणायची तो गोफ. शब्दाचं श्रेय रॉचेस्टरच्या रॉबर्ट लिंक या स्काउटला देतात. १९२९ च्या इंग्लंडमधल्या जांबोरीत, म्हणजे स्काउटांच्या मेळाव्यात, तो गोफ प्रिन्स ऑफ वेल्सलाही भेट दिला होता. एप्रिल १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये बेकारांच्या मदतनिधीची चौकशी चालू होती. तिथे एका प्रशिक्षकाने साक्षीत सांगितलं, मी लोकांना बूनडॉगल करायला शिकवतो. न्यूयॉर्क टाइम्सने ते मथळ्यात घेतलं आणि बेकारांना सरकारी पैशाने काम देणाऱ्या राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टच्या विरोधकांना आयतं कोलीत मिळालं.

कट्टेकरी: म्हणजे 'रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी'. हेच टाका.

दुष्काळी_७२: बेकारांच्या कामाला हसणं सोपं असतं. ७२ च्या दुष्काळात आमच्याकडे खडी फोडायची कामं निघाली, तेव्हाही शहरातले लोक नावं ठेवायचे. त्या मजुरीवर घरं जगली. पुढे १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला.

कट्टेकरी: आणि मस्टरवरची खोटी नावं? ती कोण सांगणार?

दुष्काळी_७२: ती होतीच. म्हणून पाझर तलाव खोटे ठरतात का? न्यूयॉर्कचा ला ग्वार्डिया विमानतळही असल्याच योजनेतल्या मजुरांनी बांधलाय.

भाषांतरी_मी: रोजगार हमीचा वेगळा धागा काढा ना! मला फक्त शब्द हवाय.

मराठी_मावशी: 'प्रोफ्लिगेट'साठी 'उधळ्या' चालेल.

भाषांतरी_मी: मावशी, तो शब्द कुणी विचारलाय?? असो, वाक्य देते. जानेवारी १९३६, रूझवेल्टचं न्यू जर्सीतल्या नुअर्कचं भाषण. आशय असा: बूनडॉगल करत करत आपण या मंदीतून बाहेर पडलो, तर हा शब्द पुढची कित्येक वर्षं अमेरिकन लोकांच्या मनात घर करून राहील.

शुद्धमती: अहो, हे आधी सांगायचं! तो विरोधकांचीच शिवी मिरवतोय. म्हणजे शब्द टोमण्याचा हवा, पण उलटवता आला पाहिजे. पांढरा हत्ती, तुंबड्या सगळं बाद. 'नसते उद्योग' घ्या. विरोधक म्हणतात 'नसते उद्योग', आणि तो म्हणतो, याच उद्योगांनी मंदी हटली तर? बेकारांना उद्योग मिळाला हेही त्यात येतं.

भाषांतरी_मी: बसलं! 'या नसत्या उद्योगांनीच आपण मंदीतून बाहेर पडलो, तर...' पाठवते. तळटीपेत गोफ टाकते.

जुनंबाड: माझं बुंदोकही टाका.

स्काउटमास्तर: चार पदरी चौकोनी गोफाची वीण कुणाला नीट येते का? मुलांचं शिबिर आहे.