मेथी, मोहरीचा पाला, केल: टिकवायचं कसं आणि कडूपणा किती काढायचा?

शिदोरी:
मेथी, मोहरीचा पाला आणि केल आठवड्यातून एकदाच आणल्या जातात. आल्याबरोबर धुऊन, चिरून, डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवल्या की तिसऱ्या दिवशी तळाची पानं चिकट आणि वरची पिवळी झालेली असतात. दुसरी अडचण शिजवण्याची. मोहरीचा पाला ८-१० मिनिटं उकळून पाणी टाकून दिलं की कडूपणा जातो, पण चवही जाते. मेथीला तसंच केलं तर नुसता लगदा होतो. मीठ चोळून पिळावी का? आणि उरलेला पाला फ्रीझरमध्ये टाकता येतो का?

हिरवादेठ:
आधी साठवणीचं, कारण धुऊन-चिरून ठेवण्यातच सगळं बिघडतंय. चिरलेल्या कडांतून रस झिरपतो, त्यात धुतल्याचं पाणी मिसळतं आणि डब्याच्या तळाशी साचलेल्या त्या ओलीपासून सडायला लागतं. शिवाय तोडलेला पालाही श्वास घेत असतो, ऊब आणि दमटपणा सोडत असतो. घट्ट बांधलेल्या जुडीच्या पोटात बोटं घालून बघा, आतली पानं बाहेरच्यांपेक्षा कोमट लागतात.

म्हणून घरी आल्याबरोबर जुडीचा दोरा सोडा. पिवळी, काळपट, चुरगळलेली पानं काढून टाका. एक चिकट पान राहिलं तरी शेजारची चार घेऊन जातं. मेथीची मुळं असतील तर माती झटका, पण मुळं कापू नका. पाल्यावर पाणी मारलेलं असेल तर सुती कापडावर पसरून पंख्याखाली १५-२० मिनिटं ठेवा. वरची ओल गेली की उचला, जास्त वेळ राहिला तर मलूल होतो. मग कोरड्या फडक्यात सैल गुंडाळून पिशवीत घाला, पिशवीचं तोंड थोडं उघडं ठेवा आणि भाजीच्या कप्प्यात ठेवून द्या. फडकं हाताला दमट लागलं की बदलायचं, साधारण दर दोन दिवसांनी.

फ्रिजच्या मागच्या भिंतीला पाला टेकू देऊ नका. तिथे पानं गोठतात आणि नंतर काळी, पाणचट होतात. त्याच कप्प्यात सफरचंद, पिकलेली केळी किंवा टोमॅटोही नकोत. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात.

असं ठेवल्यावर मेथी ४-५ दिवस, मोहरी ५ दिवसांपर्यंत, केल आठवडाभर चांगली राहते. त्यामुळे आधी मेथी संपवा. पान नुसतं मलूल असेल तर थंड पाण्यात १०-१५ मिनिटं ठेवलं की तरतरी येते. चिकट झालेलं मात्र फेकायचंच.

धुणं शिजवायच्या आधी. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पाला हलवा आणि वरून हातानं उचलून घ्या. पातेलं चाळणीत उपडं केलं तर तळाला बसलेली माती परत पानांवर येते. तळाशी रेती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदला, बहुतेकदा तीन पाणी लागतात.

फोडणीकट्टा:
शिजवण्याबद्दल. तिन्ही भाज्यांना एकच उपाय लावलात, गडबड तिथे झाली.

मोहरी आणि केल एकाच कुळातल्या. पान चिरलं की पेशी फुटतात, आतलं एन्झाइम ग्लुकोसिनोलेट नावाच्या घटकांवर काम करतं आणि तो नाकात जाणारा झणका तयार होतो. उकळत्या पाण्यात एन्झाइम बंद पडतं आणि कडू भागातला बराचसा पाण्यात उतरतो. म्हणून पानं अख्खी उकळत्या पाण्यात टाका आणि नंतर चिरा. २५० ग्रॅम पाल्याला अडीच-तीन लिटर पाणी, दोन चहाचे चमचे मीठ. पाणी कमी असेल तर पाला पडताच उकळी मोडते आणि पानं नुसती कोमट पाण्यात भिजत पडतात. मोहरी ६० ते ९० सेकंद, केल २ मिनिटं (मधला जाड दांडा काढून). लगेच गार पाण्यात, मग मुठीत घट्ट पिळून गोळा करा, चिरा, लसणाच्या फोडणीत ३-४ मिनिटं परता. दहा मिनिटं उकळलं की कडूपणाबरोबर सगळंच पाण्यात जातं.

मेथी उकळू नका, तिचं पान फार पातळ असतं. निवडलेली २५० ग्रॅम पानं, दोन मोठे चमचे तेल, एक कांदा, ६-७ पाकळ्या लसूण. मोठी आच, झाकण नाही, पसरट कढई, ५-६ मिनिटं. पानं निथळून चांगली कोरडी हवीत आणि कढई ठासून भरायची नाही, नाहीतर परतण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजते. त्यापेक्षा दोन घाण्यांत करा.

मीठ शेवटी. कढईभर पाला बसून पाव होतो. आधीच्या ढिगाच्या अंदाजाने मीठ घातलं की भाजी खारट होणारच. पाव चमच्याने सुरुवात करा. पण कमीही ठेवू नका, मीठ जिभेला जाणवणारा कडूपणा दाबतं. अळणी मेथी जास्त कडू लागते, तेव्हा साखरेचा डबा उघडण्याआधी मीठ चाखून बघा.

आणि लसूण बघा! फिकट सोनेरी झाला की लगेच पाला टाका. करपलेला लसूण स्वतःच कडू असतो आणि दोष मेथीला दिला जातो.

पानकोबी:
मीठ चोळण्याबद्दल थोडं वेगळं मत. २५० ग्रॅम मेथीला एक चहाचा चमचा मीठ, १५ मिनिटं, मग पिळायची: कडूपणा नक्की उतरतो. पण त्या हिरव्या पाण्याबरोबर सी जीवनसत्त्व आणि फोलेटही जातं. म्हणून हे फक्त जून मेथीसाठी ठेवा, आणि पिळल्यावर पानांत मीठ राहतं हे लक्षात घेऊन वरून आणखी घालू नका. कोवळ्या मेथीला याची गरज नाही. खरं काम निवडतानाच होतं: फुलाचा तुरा किंवा शेंग धरलेल्या झाडाची पानं कडवट आणि चिवट असतात, ती घेऊच नका.

लिंबू आच बंद केल्यावर पिळा. आंबट आधी पडलं की हिरवा रंग जाऊन शेवाळी तपकिरी होतो. रंगासाठी सोडा मात्र नको; पान हिरवंगार दिसतं पण गिळगिळीत होतं.

शिदोरी:
आभार. मोहरीची वेळच चुकत होती. फ्रीझरचं राहिलं: कच्चीच ठेवली तर चालेल का?

हिरवादेठ:
केल आणि मोहरी कच्ची नको. थंडीत एन्झाइम थांबत नाहीत, फक्त मंदावतात, आणि काही आठवड्यांत रंग-चव उतरते. फ्रीझरसाठी दोन्हीला २ मिनिटं उकळतं पाणी, लगेच बर्फाचं पाणी, घट्ट पिळणं. मग एका वेळेला लागेल एवढे, १५० ग्रॅमचे, चपटे करून झिपच्या पिशवीत भरा, हवा दाबून काढा, तारीख लिहा. उणे १८ अंशाला ८-१० महिने चालतं. गोळा करून भरलं तर मधला भाग उशिरा गोठतो आणि उशिरा सुटतो, म्हणून चपटंच.

मेथी थोड्या तेलात दोन मिनिटं परतून, पूर्ण गार करून भरा. कच्ची चिरून ठेवायचीच असेल तर अगदी कोरडी करून ठेवा आणि महिन्याभरात पिठात मळायला वापरा, परतायला ती पाणी फार सोडते. कुठलीही पिशवी बाहेर ठेवून वितळवू नका, तशीच तापलेल्या कढईत टाका. शिजलेली भाजी उरली तर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, उथळ डब्यात.