अनुभव धागा: खाड्या ओलांडत कोकण – किनारे, पडके कोट, लेणी आणि जुनी बंदरगावं

दिवाळी सरली की मला ठरावीक फोन येतात. "तू दापोलीत राहतोस ना, मग अलिबाग ते मालवण चार दिवसांत बसवून दे." नकाशावर ते बसतं. पण किनारपट्टी सलग नाही. कुंडलिका, राजपुरी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, जैतापूर अशा खाड्यांनी ती जागोजागी चिरलेली आहे. वेश्वीच्या धक्क्यावर उभं राहिलं की पलीकडचं बागमांडला समोर दिसतं, आणि फेरीबोट हुकली तर म्हाप्रळ-आंबेतकडून वळसा घालण्यात सकाळ निघून जाते.

म्हणून माझं सांगणं असं की आधी खाड्या बघा, मग मुक्काम ठरवा. सगळा किनारा एका दमात उरकण्यापेक्षा दोन-तीन खाड्यांमधला एक पट्टा धरा. प्रत्येक पट्ट्यात पोहायला किनारा आहे, बघायला एखादा कोट किंवा लेणं आहे आणि पायी हिंडावं असं एखादं जुनं गाव आहेच. ज्यांनी पॅकेज न घेता स्वतः आखणी केली, त्यांनी इथे लिहावं: कुठून शिरलात, कशाने फिरलात, काय गाळलंत, ओहोटी कशी साधलीत. हॉटेलांची नावं नकोत. वाटा आणि वेळा लिहा, त्या पुढच्या माणसाच्या कामाला येतात.

डोंबिवलीहून, दोन शाळकरी मुलांची आई

आमचा पट्टा मांडवा ते मुरूड. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने गाडीसकट मांडव्याला उतरलो. वडखळची कोंडी टळली आणि मुलांची सहल बोटीवरच सुरू झाली. मुक्काम अलिबागेत न करता रेवदंड्यात केला, आणि हेच मी प्रत्येकाला सुचवते. तिथे किनारा आणि पडकं शहर वेगळं काढताच येत नाही. पोर्तुगिजांच्या कोटाची भिंत थेट वाळूत उतरते. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, वाड्यांमध्ये चर्चच्या कमानी, आणि लोक 'सातखणी' म्हणतात तो उंच मनोरा. कोटाच्या आत आजही माणसं राहतात, त्यामुळे कुणाच्या अंगणातून जायचं असेल तर विचारून जावं. आम्हाला सगळ्यांनी आपणहून वाट दाखवली, एका आजींनी मुलांच्या हातावर जाम ठेवले.

शेजारचं चौल त्याहून कितीतरी जुनं. ग्रीक नोंदींत या बंदराचा उल्लेख आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी इथेच उतरला, त्याचं स्मारक रेवदंड्यात आहे. मुलांना इतिहासाच्या पुस्तकात वास्को-द-गामा माहीत होता. त्याच्याही आधी कुणी इथवर आलं होतं, हे त्यांना फार भावलं. रामेश्वराच्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर बसून दुपार काढली.

कुलाब्याच्या किल्ल्यात ओहोटीला चालत गेलो. कान्होजी आंग्र्यांची समाधी अलिबाग गावातच आहे, ती बहुतेक सहलींत राहून जाते. ती बघून मग किल्ल्यात गेलं की तो किल्ला मुलांसाठी नुसता दगडांचा उरत नाही. कोर्लईचा किल्ला मात्र दुपारच्या उन्हात नको. डोंगराची सोंड समुद्रात घुसलेली, सावली जवळपास नाहीच. गावातल्या ख्रिस्ती वस्तीत अजून पोर्तुगीज वळणाची बोली बोलतात. चहा घेताना ती कानावर पडली, आणि मुलगी हळूच म्हणाली, "आई, हे लोक चारशे वर्षं तीच भाषा बोलतायत?"

जंजिऱ्याची होडी राजपुरीहून घेतली. शनिवार-रविवारची रांग सोडून सोमवारी सकाळी गेलो. किल्ल्यात होडीवाले ठरावीक वेळ देतात आणि एवढ्या मोठ्या किल्ल्याला तो थोडाच पडतो. त्यामुळे आधीच ठरवून जा: कलालबांगडी तोफ आणि गोड्या पाण्याचा तलाव आधी, बाकीचं मग.

इचलकरंजीहून, निवृत्त शिक्षक

आम्ही दोघं एसटीने जातो. मी पंचाहत्तरी ओलांडलेली असल्यामुळे मला तिकीट नाही, हिला महिलांच्या सवलतीत अर्धं. तरुणांनी 'आवडेल तेथे प्रवास'चा पास चौकशी करून घ्यावा, चार किंवा सात दिवसांचा मिळतो.

एसटीने कोकण फिरायचं तर वस्तीच्या गाडीचं गणित कळायला हवं. रात्री गावात मुक्कामाला आलेली गाडी पहाटे तालुक्याला निघते. आड किनाऱ्यावरच्या गावात ती एकच भरवशाची. म्हणून मुक्काम त्या गावात करायचा, पहाटेच्या गाडीने तालुक्याला यायचं आणि तिथून पुढची लांब पल्ल्याची धरायची. वेळा फलकावर बघू नयेत, चालक-वाहकाला विचाराव्यात. गाडी जिथे झोपते तिथेच ते जेवायला असतात. आमची अर्धी आखणी अशा जेवणाच्या पंगतीतच झाली.

रत्नागिरीत मुद्दाम थांबलो. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा याच्यासाठी इंग्रजांनी १९१० मध्ये बांधलेला राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान आणि १९३१ चं पतितपावन मंदिर, तिन्ही एका शहरात. थिबा १९१६ मध्ये इथेच वारला. राजवाड्याच्या गच्चीतून खाडी दिसते. आयुष्यभर इतिहास शिकवला, पण आपल्या मुलखापासून इतक्या लांब हद्दपारीत ठेवलेल्या माणसाला रोज काय दिसत असेल, हे मला त्या गच्चीपाशी पहिल्यांदा जाणवलं.

(धागाकर्ता: ओहोटीबद्दल बऱ्याच जणांनी विचारलंय, म्हणून मध्येच लिहितो. कोळीवाड्यात अजून तिथीवरून पाणी सांगतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि साधारण सहा तास आधी-नंतर ओहोटी. रोज वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी चढतंही जास्त आणि उतरतंही जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, तेव्हा ओहोटीतही पुरतं ओसरत नाही. कुलाब्याला चालत जायचं असेल किंवा हरिहरेश्वरची खडकांवरून होणारी प्रदक्षिणा करायची असेल तर द्वितीया ते चतुर्थी उत्तम: सकाळी आठ-नऊच्या सुमारास चांगली ओहोटी मिळते आणि ऊनही चढलेलं नसतं. शेवटी स्थानिक माणसाचा शब्द पंचांगापेक्षा मोठा. हरिहरेश्वरच्या त्या खडकांवर पाणी वाढताना उतरू नका, तिथे माणसं गेली आहेत.)

पुण्याहून, मोटारसायकलवर मित्रासोबत

ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा, दिवेआगर. तिथून श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याला जंगलजेटीत (गाड्या नेणारी फेरीबोट) गाडी चढवून वेश्वी. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली, दाभोळला दुसरी फेरी, धोपाव्याहून गुहागर, हेदवी, तवसाळहून तिसरी फेरी आणि जयगड. परतताना गणपतीपुळ्याहून आंबा घाटाने वर. सागरी महामार्ग म्हणतात तो हाच, पण महामार्गाचा वेग डोक्यात ठेवून निघू नका. वाडीतून जाणारा एकपदरी रस्ता आहे, समोरून एसटी आली की एकाला मागे सरावं लागतं. आम्ही दिवसाला एक खाडी एवढंच ठरवलं होतं आणि तेच बरोबर होतं.

फेरीसाठी सुटे पैसे, पेट्रोल शहरगावातच भरून घेणं, आणि शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवणं, एवढं पुरतं. श्रीवर्धन पेशव्यांचं मूळ गाव, तिथल्या आळ्यांतून संध्याकाळी पायी फिरलो. केळशीत किनाऱ्यालगतची वाळूची टेकडी बघा, तिच्या थरांचा पुरातत्त्वाच्या लोकांनी अभ्यास केला आहे.

हर्णैला संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले, त्यात हा आहे, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि अलिबागसमोरचा खांदेरीही आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग आणि गोवा किल्ला पायी होतात. सुवर्णदुर्गाला होडी ठरवावी लागते, आणि आत झाडोरा माजलेला असतो, बूट घालून जा.

नाशिकहून, एकटी फिरणारी

वरच्या दादांनी पन्हाळेकाजीचं नावही घेतलं नाही, म्हणून लिहायलाच बसले. दापोलीला गेलात आणि ही लेणी वगळलीत तर सहलीतला सर्वांत सुंदर तुकडा राहिला. कोटजाई नदीच्या काठावर २९ लेणी, बहुतेक एका ओळीत. सुरुवात बौद्धांची, मग वज्रयान हा बौद्धांचाच तांत्रिक पंथ, आणि पुढे नाथपंथीयांनी तीच लेणी आपली केली. शेवटच्या लेण्यात चौऱ्याऐंशी सिद्धांच्या मूर्ती कोरलेल्या आहेत. अजिंठ्याची भव्यता इथे नाही. शेकडो वर्षं वेगवेगळ्या पंथांची माणसं त्याच नदीकाठी साधनेला बसत राहिली, ते इथे दिसतं. मी गेले तेव्हा पाण्याचा आवाज आणि वानरं, एवढीच सोबत होती.

मी रेल्वेने खेडला उतरले. गावातच लहानशी बौद्ध लेणी आहेत, गाडीला वेळ असेल तर बघून घ्या. खेडहून एसटीने दापोली. पन्हाळेकाजीला दापोलीतून रिक्षा येण्याजाण्याची ठरवली, भाडं आणि थांबण्याचा वेळ आधीच बोलून. तिथे खाण्यापिण्याचं काही गृहीत धरू नका, पाणी न्या.

एकटीने फिरण्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी: मी घरगुती मुक्काम निवडते, जिथे स्वयंपाक घरातली बाई करते. पोचण्याआधी तिच्याशीच फोनवर बोलते. जेवायला काय, दार किती वाजता लागतं, सकाळची गाडी कुठून, सगळं तिला माहीत असतं. दाभोळच्या धक्क्याजवळची आदिलशाही मशीद मला अशाच एका मावशींनी दाखवली. लोक तिला अंडा मशीद म्हणतात. एवढी देखणी इमारत, आणि फेरी पकडायच्या घाईत लोक तिच्या अंगावरून निघून जातात. दाभोळ एकेकाळी पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. फेरी एक सोडा, पण मशीद बघा.

राजापूर तालुक्यातून

आमच्याकडे किनाऱ्यापेक्षा सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, बघायला या. त्यावर कोरलेली कातळशिल्पं आहेत: बारसू, देवाचे गोठणे, रुंढे तळी, देवीहसोळ, रत्नागिरीकडे उक्षी. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगात इतर प्राणी कोरलेले. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली. कोणी, कशासाठी कोरली, याचं उत्तर अजून कुणाकडे नाही.

ही सकाळी लवकर किंवा उन्हं कलताना बघायची. तिरप्या उन्हात रेष उठून येते, भर दुपारी समोर उभं राहूनही दिसत नाही. पावसात पाणी आणि गवत असतं, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं. आणि कळकळीची विनंती: शिल्पात चप्पल घालून उतरू नका, फोटोसाठी खडू किंवा रंग भरू नका. जांभा मऊ असतो. हजारो वर्षं टिकलेली रेष हौसेपायी बुजली तर ती परत कोरता येणार नाही.

कशेळीला कनकादित्याचं मंदिर आणि देवघळीचा कडाही लागूनच आहे, एक दिवस पुरतो. मुक्काम राजापुरात करा. १६६१ मध्ये महाराजांनी जिथे इंग्रजांच्या वखारीवर चाल केली ते हे गाव. बाजारपेठेतून अर्जुना नदीकडे चालत या, धूतपापेश्वराला जा. इथली गंगा, म्हणजे अधूनमधून अचानक प्रकटणारे झरे, आली असेल तर नशीब, तिची तारीख धरून कुणी येऊ नये.

मालवणातून, घरगुती खानावळ चालवणारी

आमच्याकडे येणाऱ्यांना सिंधुदुर्ग, तारकर्ली आणि मासे एवढंच माहीत असतं. सिंधुदुर्गाला सकाळच्या पहिल्या होड्यांनी जा. १६६४ मध्ये काम सुरू झालेला किल्ला आहे, आत महाराजांचं मंदिर आहे, लोक राहतात. दहानंतर चालायला जागा उरत नाही. मग दुपारी धामापूरच्या तलावावर जा. संध्याकाळ मालवणच्या बाजारात काढा, बीचवर नाही.

दुसऱ्या दिवशी वेंगुर्ला करा. डचांची वखार पडकी आहे, पण आहे. तिथून सावंतवाडीला लाकडी खेळणी आणि गंजिफा (हाताने रंगवलेले गोल पत्ते) बनताना बघायला मिळतात. परतीची रेल्वे सावंतवाडीहूनच धरा, कुडाळला मागे येऊ नका. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, गणपती-मे महिन्यात ते लगेच संपतं.

जून ते ऑगस्ट होड्या बंद. वर्षाच्या बाकीच्या दिवसांतही वारा बघूनच निघतात. होडीवाला "आज होडी सुटाची नाय" म्हणाला तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. घरी या, घावणे खा, दुसऱ्या दिवशी जा. एक दिवस मोकळा ठेवलेला असला की असं करता येतं.

ठाण्याहून, थोडक्यात

आईचे गुडघे दुखतात, होडीत चढणं जमत नाही. तिच्यासाठी विजयदुर्ग निवडला, कारण तिथे जमिनीवरून थेट दरवाजापर्यंत जाता येतं. दरवाजाआड सावलीत ती बसली, आम्ही आळीपाळीने तटावर जाऊन आलो. कुणकेश्वरला किनारा मंदिराला लागूनच आहे, तिला लाटांजवळ खुर्ची टाकता आली. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी देवगड-विजयदुर्ग पट्टा जरूर बघावा.

धागाकर्ता: विजयदुर्गाची माहिती कामाची, आभार. पूर्णगड, आंबोळगड, यशवंतगड, जैतापूर या बाजूचं अजून कुणी लिहिलेलं नाही. मुसाकाजी बंदराकडे राहायची घरगुती सोय आणि रत्नागिरीहून तिकडे जाणाऱ्या एसटीच्या वेळा कुणाला ठाऊक असतील तर लिहा. तीन जणांनी विचारलंय, आणि पौषात ते निघणार आहेत.