हायवेवर अपघाताला धावून जातो, पण पेशंट दगावला तर केस आपल्यावर येते का?

गॅरेजवाला_संगमेश्वर

नमस्कार मंडळी. माझं संगमेश्वरच्या अलीकडे हायवेला लागून गॅरेज आहे, त्यामुळे पावसात अपघात झाला की पहिला आवाज आम्हालाच येतो. मागच्या गणपतीत चाकरमान्यांची एक गाडी उलटली, आम्ही वाडीतली पोरं धावलो, काचा फोडून सगळ्यांना बाहेर काढलं, त्यातल्या एका आजोबांना उचलून रिक्षात घातलं आणि ते वाटेतच गेले. तेव्हापासून आई रोज सांगते पुढे पुढे करू नको, पोलिसांच्या फेऱ्यात अडकशील. आणि मलापण राहून राहून वाटतं की उचलताना कुणी मान धरली नव्हती, त्यामुळेच तर झालं नसेल ना.

आता आम्ही आठ जणांनी दोन दिवसांचं प्रथमोपचार ट्रेनिंग घेतलंय, रीतसर टीम करायची आहे. नक्की काय यायलाच पाहिजे आणि कायद्याने आमच्यावर काय जबाबदारी येते, कुणी नीट सांगेल का?

रात्रपाळी_डॉक्टर

दादा, मी बीएएमएस आहे, ॲम्ब्युलन्सवर ड्युटी करते. आजोबांचं इथे बसून कुणीच सांगू शकत नाही, आतला रक्तस्राव असेल, हार्ट असेल, काहीही असू शकतं, तो भार तुम्ही डोक्यावर घेऊ नका.

आता कामाचं. गाडीतून धूर येत नसेल, पेट्रोल सांडलेलं नसेल, मागून दुसरा ट्रक येऊन धडकायची भीती नसेल तर माणसाला लगेच ओढून बाहेर काढायचं नाही. आधी दोन पोरं लांब मागेपुढे बॅटरी घेऊन उभी करा, निम्मे दुसरे अपघात तिथेच टळतात. एकाने फक्त १०८ लावायचा, आणि सांगताना "वळणावर, देवळाजवळ" असं नको, किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि मुंबईकडची बाजू की गोव्याकडची, हे सांगायचं. अंधारात आमच्या पायलटची, म्हणजे ॲम्ब्युलन्स चालवणाऱ्याची, दहा-पंधरा मिनिटं या एका गोष्टीने वाचतात.

मग रक्त. भळाभळा वाहत असेल तर स्वच्छ फडकं दुमडून जखमेवर जोरात दाबून धरायचं, सारखं उचलून बघायचं नाही, भिजलं तर वरून दुसरं ठेवायचं. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे आणि तोंडात रक्त किंवा उलटी आहे, तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून तिघा-चौघांनी मिळून कुशीवर वळवायचं. मान सांभाळायचीच, पण श्वास त्याच्याही आधी. श्वासच नाही किंवा मधेच आचके देतोय तर छातीच्या मधोमध दाब सुरू करायचे, मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटीमीटर, दर दोन मिनिटांनी माणूस बदला कारण हात थकले की दाब उथळ पडतात आणि ते करणाऱ्याला कळतही नाही. हेल्मेट श्वासाला अडत नसेल तर तसंच राहू दे. पाणी, चहा, तोंडाने कुठली गोळी, काही म्हणजे काही द्यायचं नाही, कितीही मागितलं तरी. ऑपरेशनला घ्यायची वेळ आली तर पोटातलं पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं.

चिपळूणची_वकील

आईंना हे वाचून दाखवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलंय. चांगल्या हेतूने, स्वेच्छेने, बक्षीस किंवा मोबदल्याची अपेक्षा न ठेवता अपघातातल्या माणसाला मदत केली किंवा दवाखान्यात नेलं आणि करताना काही चूक होऊन तो दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. त्याआधीच ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टाने सेव्हलाइफ फाउंडेशन या संस्थेच्या केसमध्ये मदत करणाऱ्यांबद्दलच्या सरकारच्या गाइडलाइन्स बंधनकारक केल्या होत्या. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये नियमच आले. नाव, पत्ता, फोन द्यायची सक्ती पोलीसही करू शकत नाहीत आणि दवाखानाही नाही. साक्षीदार व्हायचं तुम्ही स्वतःहून कबूल केलंत तर जबाब तुमच्या सोयीच्या वेळी, घरी किंवा कामावर, तोही एकदाच. हे हक्क मराठीत लिहून प्रत्येक हॉस्पिटलने दारात लावायचे आहेत, सरकारी असो की खाजगी.

आणि हॉस्पिटल "पोलीस केस आहे, दुसरीकडे न्या" म्हणालं तर ऐकू नका. परमानंद कटारा केस, १९८९, त्यात स्कूटरवाल्याला जवळच्या हॉस्पिटलने परत पाठवलं, २० किलोमीटरवर जायला सांगितलं, आणि तो वाटेतच गेला. तेव्हा कोर्टाने सांगितलं की जीव वाचवणं आधी, कागदपत्रं नंतर, आणि हे प्रत्येक डॉक्टरला लागू आहे. २०२५ पासून अपघातग्रस्ताला दीड लाखापर्यंत, ७ दिवसांपर्यंत कॅशलेस उपचाराची योजना पण आहे, पैशावरून अडवलं तर तीही सांगा.

फक्त एक मुद्दा टीमसाठी. हे संरक्षण वाटेवरच्या मदतनीसाला आहे. तुम्ही ठरवून पैसे घ्यायला लागलात तर मोबदला आला, मग तुम्ही या कलमात बसत नाही. पगारावर ॲम्ब्युलन्समध्ये बसणाऱ्यालाही हे कलम नाही, त्याचं कर्तव्य वेगळं आहे.

गॅरेजवाला_संगमेश्वर

वकीलताई खूप आभार, आईला दाखवलं, तिने दोनदा वाचायला लावलं. आता अजून एक, दारू प्यायलेला असतो, डोकं फुटलेलं असतं आणि हात लावू देत नाही, शिव्या घालतो, तेव्हा काय करायचं? आणि टीमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पोरं फोटो टाकतात ते चालेल का?

रात्रपाळी_डॉक्टर

शुद्धीत असलेला, समजून उमजून नाही म्हणणारा मोठा माणूस असेल तर जबरदस्ती नाही. आम्ही ड्युटीवर अशा वेळी काय धोका आहे ते समजावतो, नकाराच्या फॉर्मवर सही घेतो, साक्षीदार घेतो. पण डोक्याला मार आणि दारू एकत्र असेल तर तो समजून बोलतोय असं धरूच नका, दारूचा वास येतो म्हणून मेंदूतला रक्तस्राव कुणाच्या लक्षातच न आलेले पेशंट मी स्वतः बघितलेत. अशाला एकटं सोडायचं नाही, लांबून बोलत राहायचं, १०८ आणि ११२ दोन्ही लावायचे. बेशुद्ध असेल तर संमतीसाठी थांबायचं नाही.

आणि एकदा हात लावलात की आमच्या हातात देईपर्यंत तिथेच थांबा. आम्हाला तर कायद्याने पेशंट अर्ध्यात टाकता येत नाही, दवाखान्याच्या गेटवर उतरवून निघूनही जाता येत नाही, आतल्या डॉक्टरला सांगून कागद द्यावा लागतो. तुम्ही आम्हाला एवढंच सांगा: किती वाजता झालं, आधी शुद्धीत होता का, काय केलंत. फोटो अजिबात नको. चिपळूणमध्ये ग्रुपवर फोटो बघून बायकोला नवरा गेल्याचं कळलेलं मी पाहिलंय. पाकीट-मोबाईल सापडला तर दोघांसमोर मोजून पोलिसांकडे.

चिपळूणची_वकील

संमतीबद्दल जोडते, भारतीय न्याय संहिता कलम ३० (जुन्या आयपीसीचं ९२). संमती द्यायच्या अवस्थेत नसेल आणि पालक किंवा कुणी जबाबदार वेळेत मिळत नसेल तर त्याच्या भल्यासाठी चांगल्या हेतूने केलेली कृती गुन्हा होत नाही. एकटं सापडलेलं जखमी लहान मूलही यात आलं.

तारकर्लीचा_दर्यावर्दी

आमच्या बाजूला हायवेपेक्षा समुद्र. बुडालेल्याला वर काढला की लोक पालथा घालून पोट दाबतात, पाणी काढायला. ते करू नका, उलटी होऊन श्वासनळीत जाते आणि तेवढा वेळ वाया जातो. बुडालेल्याचा प्रॉब्लेम ऑक्सिजनचा असतो, म्हणून नुसते छातीवर दाब पुरत नाहीत, तोंडाने श्वास द्यावाच लागतो, ३० दाबांना २ श्वास. वकीलताई, १३४अ रस्त्यावरच्या अपघातापुरतंच ना? मग आमच्या पोरांसाठी कलम ३० च धरायचं का?

चिपळूणची_वकील

हो, १३४अ मोटार अपघातापुरतंच. किनाऱ्यावर बेशुद्ध माणसासाठी ३० धरा. पण पगारी जीवरक्षक असाल तर नेमणुकीच्या पत्रात कर्तव्य काय लिहिलंय ते मला पाठवा, ते बघूनच सांगते.

गॅरेजवाला_संगमेश्वर

रविवारी पोरांना बसवतोय. आमच्या पट्ट्यातल्या किलोमीटरच्या दगडांचे आकडे गॅरेजच्या भिंतीवर रंगवून घेतो, रात्री फोन करताना बघता येतील.